बैठकीतला निःशब्द संगणक

मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जानेफळात, पौषातल्या एखाद्या रात्री, जेवणे आटोपली, गोठ्यातील गुरांची हालचाल थांबली, रस्त्यावरची शेवटची मालमोटार दूर निघून गेली आणि शेजारच्या घरचा दूरचित्रवाणी संचही बंद झाला, म्हणजे घराच्या बैठकीत जी शांतता उतरते तिच्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक माजघरापर्यंत ऐकू जाते. मोठ्या शहरातील माणसाला अशी शांतता पैसे मोजून मिळवावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील गावाला ती वडिलोपार्जित मिळकतीसारखी आपसूक लाभलेली असते. त्याच बैठकीत, दूरचित्रवाणीच्या शेजारी, चित्रपट दाखविणारा आणि मुलांना खेळ खेळू देणारा एक संगणक आणून ठेवायचा असेल, तर त्या मिळकतीला धक्का न लावता तो कसा बांधावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

बैठक ही कोणा एकाची खोली नव्हे. तेथे आजोबा दुपारी वर्तमानपत्र वाचतात, दहावीची मुलगी परीक्षेच्या दिवसांत तेथेच पुस्तक उघडून बसते, पाहुणा आला की त्याचे अंथरूण तेथेच पडते, आणि सोयाबीनच्या भावाची चर्चाही तेथेच होते. स्वतंत्र अभ्यासिकेत ठेवलेल्या संगणकाची घरघर त्याच्या मालकाने सोसली तर तो त्याचा खाजगी प्रश्न असतो. बैठकीतल्या यंत्राची घरघर मात्र ज्यांनी खेळ मागितला नव्हता त्यांनाही सोसावी लागते. म्हणून या यंत्राच्या बाबतीत निःशब्दता हा हौसेचा किंवा श्रीमंतीचा विषय नसून सहवासाचा शिष्टाचार आहे, अशी माझी धारणा आहे.

ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात गेले त्यांना आठवत असेल की, दूरचित्रवाणीला जोडावयाचा जो 'व्हिडिओ गेम' त्या काळी घरोघर आला, आणि ज्यात पिवळ्या 'कॅसेटी' खोचून मारिओ व कॉन्ट्रा हे खेळ खेळले जात, तो मुळीच आवाज करीत नसे. तो १९८३ साली जपानात निघालेल्या निंटेंडोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल होता. आणि मूळ यंत्रात काय किंवा नकलेत काय, पंखा नावाची वस्तूच नव्हती. आजचे खेळाचे यंत्र त्याच्या लक्षावधी पट गणित करते, आणि त्यासाठी घोंघावते. हे घोंघावणे कोठून येते हे एकदा नीट उमगले, म्हणजे ते थांबविण्याचा मार्ग आपोआप दिसू लागतो.

उष्णतेचा जमाखर्च

विहिरीवरचा पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवितो. घेतलेल्या शक्तीचा काही हिस्सा पाण्याच्या उंचीच्या रूपाने शिल्लक राहतो. संगणकाच्या खात्यात अशी शिल्लक नसते. त्याच्या तारेतून जितके वॅट आत जमा होतात, तितके सर्वच्या सर्व अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडतात. पडद्यावर जिंकलेले राज्य आणि पार केलेली नदी यांचा या जमाखर्चात कोठेही पत्ता लागत नाही. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा २०० वॅट खाणारा संगणक बैठकीत ठेवणे म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने दोन पाहुणे कायमचे आणून बसविण्यासारखे आहे. आणि या पाहुण्यांची सगळी उष्णता तळहाताहून लहान अशा एक-दोन तुकड्यांतून निघत असते.

संगणकाचा इतिहास हा फार मोठ्या अंशी या उष्णतेच्या बंदोबस्ताचा इतिहास आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक सुमारे २७०० निर्वात नलिकांवर चालत असे, आणि अशी प्रत्येक नलिका विजेच्या दिव्याप्रमाणे आतून तापल्याखेरीज काम करीत नाही. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे धुरीण विजय भटकर हे आपल्या शेजारच्याच अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. टिफ्रॅकपासून परमपर्यंत, आणि परमपासून आजच्या नखाएवढ्या तुकड्यापर्यंत, प्रत्येक गणितामागे खर्च होणारी शक्ती अतोनात घटत आली. परंतु गणितांची संख्या त्याहूनही वेगाने वाढत गेल्यामुळे उष्णतेचा प्रश्न मिटला नाही, त्याने फक्त आपली जागा बदलली. जो ताप एका दालनभर पसरलेला असे तो आता एका बोटभर जागेत एकवटला.

ही एकवटलेली उष्णता उचलून खोलीच्या हवेत नेऊन टाकण्याचे काम पंखा करतो, आणि आवाज ही त्या वाहतुकीची मजुरी आहे. समजा, यंत्र १५० वॅट खात आहे आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनीच अधिक तापलेली असावी अशी आपली इच्छा आहे. तर गणित असे सांगते की दर सेकंदाला सुमारे १४ लिटर, म्हणजे जवळजवळ एक घागरभर, हवा त्या डब्यातून पार व्हावयास हवी. मजुरी कमी करावयाची तर दोनच वाटा आहेत : ओझे हलके करावे, नाहीतर रस्ता रुंद करावा. यापलीकडचे सर्व उपाय, मग ते डब्याला आतून चिकटविलेले फोमचे अस्तर असो की यंत्र कपाटात कोंडणे असो, तक्रार ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेण्यासारखे आहेत. तक्रारीचे कारण आतल्या आत वाढतच राहते.

छताचा पंखा आणि डब्यातला पंखा

रस्ता रुंद करणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण बैठकीच्या छतालाच टांगलेले असते. घरगुती छतपंख्याचा व्यास साधारणतः १२०० मिलिमीटर असतो आणि तो मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेतो; टेबलावरच्या ४०० मिलिमीटरच्या पंख्याला मात्र तेराशेहून अधिक फेरे घ्यावे लागतात. तरीही छतपंखा त्याच्या तिपटीच्या आसपास हवा हलवितो आणि आवाज कमी करतो. मोठे आणि संथ पाते हवेला ढकलते, लहान आणि वेगवान पाते तिला चिरते. आणि आवाज निर्माण होतो तो या चिरण्यातून.

पंख्यांचे शास्त्र या अनुभवाला आकडे देते. पंख्याचा वेग निम्मा केला तर तो वाहून नेत असलेली हवाही निम्मी होते, परंतु त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. डेसिबल ही मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. सारख्याच आवाजाचे दोन उगम एकत्र आले तर आकडा केवळ ३ ने वाढतो, आणि १० चा फरक पडला म्हणजे कानाला आवाज दुप्पट किंवा निम्मा भासतो. आता एका वेगवान पंख्याच्या जागी तशाच आकाराचे दोन पंखे निम्म्या वेगाने फिरविले, तर हवा तितकीच वाहते, पण १५ वजा ३ म्हणजे १२ डेसिबलची बचत होते. हाच खेळ कानाला निम्म्याहूनही कमी आवाजात ऐकू येतो. यास्तव ८० मिलिमीटरच्या चिमुकल्या पंख्याऐवजी १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे घ्यावेत, एकाऐवजी दोन घ्यावेत, आणि त्यांना पूर्ण वेगाने धावण्याची वेळ शक्यतो येऊच देऊ नये, हा या विद्येचा पहिला नियम होय.

केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. कायद्याच्या दृष्टीने ती योग्य असेल, परंतु गावाच्या रात्रीची स्वाभाविक पातळी ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि ४५ डेसिबलचे यंत्र त्या शांततेत तिच्या जवळजवळ तिप्पट मोठे भासेल. म्हणून आपल्या यंत्राचे प्रमाण कायद्याच्या पुस्तकावरून ठरवावयाचे नसून घड्याळाच्या टिकटिकीवरून ठरवावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट कानाच्या स्वभावाविषयी. एकसारखा मंद आवाज कान थोड्याच वेळात विसरतो, पण चढउतार होणारा आवाज तो विसरू शकत नाही. पुष्कळसे संगणक प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा एकदम वाढवितात आणि लगेच उतरवितात. हे उसासे कायमच्या गुणगुणण्यापेक्षा अधिक त्रासदायक असतात. मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, ज्याला बायोस म्हणतात तेथे, पंख्याचा वेग किती तापमानाला किती असावा हे ठरविता येते. ६० अंशांपर्यंत एकच संथ वेग, त्यापुढे हळूहळू चढण, आणि प्रत्येक बदलापूर्वी काही सेकंदांचा विलंब, अशी तजवीज करून ठेवली तर एक पैसाही खर्च न होता अर्धी लढाई जिंकली जाते. त्यासाठी चार तारांचा पंखा घ्यावा, कारण त्याचा वेग अधिक बारकाईने व खालच्या पातळीपर्यंत आवरता येतो.

वैशाखाचा हिशेब

इथपर्यंतचे विवेचन व्हिएन्नातल्या वाचकालाही तितकेच लागू पडले असते. आता मात्र वऱ्हाडाची स्वतःची गोष्ट सुरू होते. संगणकाच्या सुट्या भागांच्या ज्या चाचण्या परदेशात छापून येतात त्या बहुधा २० ते २२ अंश तापमानाच्या खोलीत केलेल्या असतात. यंत्राचे अंतर्गत तापमान हे खोलीच्या तापमानावर चढविलेल्या मजल्यासारखे असते. तळमजला जितका उंचावेल तितकाच वरचा मजलाही उंचावतो. तेथे २२ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर ७० अंशांवर चालत असेल, तर ४८ अंशांचा हा फरक घेऊन तोच प्रोसेसर ४२ अंशांच्या दुपारी ९० वर पोचेल. आणि आपण पुढे ज्या जातीचा प्रोसेसर निवडणार आहोत त्याची निर्मात्याने ठरविलेली कमाल हद्द ९५ अंश आहे. दूरचित्रवाणीखालच्या बंद कपाटात हवा आणखी पाचसात अंश तापली की हद्द ओलांडली जाते. मग प्रोसेसर जीव वाचविण्यासाठी आपला वेग स्वतःच कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो.

जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात वैशाखातही दुपार सुसह्य असते. सिमेंटच्या स्लॅबखालच्या नव्या बैठकीत ती तशी राहत नाही. ज्याने घर बदलले त्याला यंत्राचे अंदाजपत्रकही बदलावे लागते. मुळीच पंखा नसलेले, केवळ मोठ्या धातूच्या पाकळ्यांवर चालणारे संगणक युरोपात मोठ्या अभिमानाने बांधले जातात. खेळाचे ओझे असलेल्या यंत्रासाठी तो मार्ग आपल्या मुलुखात धोक्याचा आहे. येथे एक-दोन मोठे, संथ पंखे असलेले यंत्र अधिक दीर्घायुषी ठरते आणि, नीट बांधले तर, तितकेच मुके असते.

या हिशेबाला एक सुखद बाजूही आहे. वैशाखात बैठकीत कुलर चालू असतो, आणि त्याच्या आवाजात संगणकाचा पंखा थोडा वाढला तरी तो कोणाला जाणवत नाही. शांततेची खरी कसोटी कार्तिकापासून माघापर्यंतच्या रात्रींत लागते, आणि त्या काळात खोलीची हवा स्वतःच थंड असल्यामुळे पंख्याला धावण्याचे कारण उरत नाही. ऋतूच अशा रीतीने आपल्याला मदत करतो. अट एवढीच की, यंत्राची ताकद वैशाखासाठी मोजावी आणि त्याचा आवाज पौषासाठी.

माठ, कुलर आणि तांब्याची नळी

संगणकाच्या बाजारातही 'कुलर' हाच शब्द चालतो, मात्र तेथे त्याचा अर्थ प्रोसेसरवर बसविण्याचा पाकळीदार धातूचा ठोकळा असा आहे. नावाचे हे साम्य योगायोगाचे असले तरी तत्त्वाचे साम्य योगायोगाचे नाही. माठातले पाणी गार राहते ते मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून झिरपणारे पाणी वाफ होताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते म्हणून. वाळ्याचा भिजविलेला पडदा आणि खोलीतला कुलर हे त्याच माठाचे वंशज आहेत. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास ५०० हून अधिक कॅलरी उष्णता लागते, तर तेच पाणी एक अंशाने तापविण्यास अवघी एक. पदार्थाचे रूप पालटताना जी अप्रकट उष्णता खपते तिचे हे सामर्थ्य वऱ्हाडातील गृहिणीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

प्रोसेसरच्या ठोकळ्यातून ज्या तांब्याच्या वाकविलेल्या नळ्या निघालेल्या दिसतात, त्या पोकळ असून त्यांच्यात हवा काढून घेऊन थोडेसे पाणी भरलेले असते. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी अल्प उष्णतेनेच वाफ होते. वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावते, तेथील पाकळ्यांत उष्णता सोडून पुन्हा पाणी बनते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने मूळ जागी परत येते. समईतील कापसाची वात ज्या बळाने तेल वर ओढते तेच हे बळ. माठातले पाणी उडून जाते म्हणून त्यात रोज भर घालावी लागते. नळीतले पाणी कोंडलेले असल्यामुळे तीच फेरी वर्षानुवर्षे करीत राहते. अशा नळीची कल्पना अमेरिकेत १९४४ मध्ये पेटंट झाली होती, परंतु लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ च्या सुमारास ती नव्याने सिद्ध करीपर्यंत तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. हिच्यामुळे बोटभर जागेतील उष्णता हातभर पसरलेल्या पाकळ्यांपर्यंत पोचते. पाकळ्यांचे क्षेत्र वाढले की संथ वाऱ्यानेही काम भागते. रस्ता रुंद करण्याची ही दुसरी रीत.

ठोकळा बसविताना प्रोसेसर आणि धातू यांच्यामध्ये थर्मल पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी लावावी. दोन धातू कितीही घासलेले असले तरी त्यांच्यात हवेच्या सूक्ष्म फटी राहतात आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. त्या फटी भरण्यापुरतेच पेस्टचे काम असते, थर जाड झाला तर तोच अडथळा होतो.

पडद्यावर किती ठिपके

ओझे हलके करण्याची सर्वात मोठी संधी बाजारात मिळत नाही. ती बैठकीतल्या माणसाच्या डोळ्यांत आहे. आजचे दूरचित्रवाणी संच '४के' म्हणून विकले जातात, म्हणजे त्यांच्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. 'फुल एचडी' चित्रात ते २०,७३,६००, बरोबर एक चतुर्थांश. खेळात प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा नव्याने ठरवावा लागतो, तेव्हा चौपट ठिपके म्हणजे ग्राफिक्सच्या कामात कितीतरी पटींची वाढ, आणि काम वाढले की उष्णता व आवाज ओघानेच आले. परंतु हे जास्तीचे ठिपके दिसतात तरी कोणाला?

निरोगी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा सूक्ष्म तपशील वेगळा ओळखू शकतो. ४३ इंची संचाची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. तिच्यात फुल एचडीचे १९२० ठिपके बसविले तर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका एक कलेएवढा दिसण्याचे अंतर पावणेदोन मीटरच्या आत आहे. जानेफळातल्या बैठकीत दिवाण किंवा सतरंजी पडद्यापासून सहसा तीन मीटरवर असते. तेथून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी खेळाचे ठिपके वेगळे ओळखू येणे अशक्यप्राय आहे. जे दिसणार नाही ते रेखाटण्यासाठी वीज जाळावी, उष्णता करावी आणि आवाज सोसावा, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. खेळाच्या रचनेत फुल एचडी हे प्रमाण ठरवावे आणि चित्रांची गती सेकंदाला ६० वर बांधून टाकावी. अशी मर्यादा न घातल्यास यंत्र रिकाम्या मेनूच्या पडद्यावरही शेकडो चित्रे काढीत राहते आणि विनाकारण तापते. संचाला 'गेम मोड' असेल तर तो चालू करावा. त्यायोगे संच चित्रावर स्वतःचे संस्कार करीत वेळ घालवीत नाही, आणि हातातील कळ दाबल्यापासून पडद्यावरच्या हालचालीपर्यंतचा विलंब घटतो.

खेळाची सरसता ही विजेच्या प्रमाणात वाढत नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगापुढे आणला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा. तिच्यातील आख्यानांचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेले आहेत, आणि छायाबाहुल्यांची परंपरा सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी आजही जिवंत ठेवली आहे. हा खेळ निंटेंडो स्विच या हातात मावणाऱ्या, अल्प विजेवर चालणाऱ्या यंत्रावरही निघाला. रंगांची जाण आणि कथेची पकड यांच्या बळावर उभा राहिलेला खेळ बैठकीतल्या मध्यम ताकदीच्या संगणकावर सुखाने चालतो.

अंगांची निवड

आता प्रत्यक्ष यादी. सर्वात महत्त्वाचा निर्णय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे की न घ्यावे हा आहे. २०२२ मध्ये आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटेच ४५० वॅट खाते. २०२३ चे आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटमध्ये भागविते. ज्याला नवे, भारी खेळ सर्व शोभेसह हवे आहेत त्याने या दुसऱ्या प्रकारचे कार्ड घ्यावे आणि त्याचे पंखे मोठे असल्याची खात्री करून घ्यावी. परंतु चित्रपट, जुने खेळ, क्रिकेट, मोटारींच्या शर्यती आणि 'राजी'सारख्या कलाकृती यांवर ज्या कुटुंबाचे समाधान होते, त्याने ग्राफिक्सची सोय पोटातच असलेला प्रोसेसर निवडावा, असे मी निःसंकोच सुचवीन. एएमडीचा रायझन ५ ५६००जी, जो २०२१ मध्ये आला, आणि त्यानंतरच्या पिढीतला रायझन ७ ८७००जी, जो २०२४ मध्ये आला, हे दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले आहेत. दुसऱ्याला ४५ वॅटच्या मर्यादेतही चालविता येते. अशा प्रोसेसरला स्वतःची चित्रस्मृती नसते, तो मुख्य रॅममधूनच ती उसनी घेतो. म्हणून एका मोठ्या रॅमपेक्षा दोन समान रॅम जोडीने बसवाव्यात, नाहीतर खेळाचा वेग लक्षणीय घसरतो. स्वस्तातली एकच पट्टी घेऊन फसलेले ग्राहक सर्वत्र आढळतात.

साठवणीसाठी फिरणारी हार्ड डिस्क बैठकीत आणू नये. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तिची तबकडी गुणगुणते आणि तिचा कंप संपूर्ण कॅबिनेटला लागतो; एसएसडीत हलणारा भागच नसतो. ज्यांच्याजवळ चित्रपटांचा मोठा संग्रह आहे त्यांनी ती डिस्क आतल्या खोलीत राउटरजवळ ठेवून तारेने जोडावी. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, येथे बहुतेक जण काटकसर करतात आणि येथेच ती करू नये. सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेचा, गरजेच्या दुप्पट क्षमतेचा एसएमपीएस घेतला, तर तो निम्म्या ओझ्यावर थंड राहतो. आणि काहींचा पंखा तर ओझे हलके असेपर्यंत फिरतच नाही.

मदरबोर्डचा 'मिनी-आयटीएक्स' हा आकार, १७० मिलिमीटर लांब व तितकाच रुंद, २००१ मध्ये रूढ झाला आणि त्यामुळे पोथीच्या पेटीएवढा संगणक शक्य झाला. तथापि लहानपणाचा मोह आवरावा. फार लहान डब्यात मोठा पंखा आणि मोठा ठोकळा मावत नाही, आणि मग सर्व काटकसर आवाजाच्या रूपाने वसूल होते. समोर व वर जाळी असलेले, १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे सामावणारे मध्यम कॅबिनेट हेच आपल्या हवेत श्रेयस्कर. हे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पाहून घेता येतात, आणि आता ते घरपोचही येतात. परंतु कॅबिनेट तरी प्रत्यक्ष हाताळून घ्यावे, कारण पातळ पत्र्याची थरथर चित्रात दिसत नाही.

ज्याच्या घरी आधीच एखादा बलाढ्य आणि गोंगाटी संगणक आहे, त्याला तिसरा मार्ग मोकळा आहे. तो आतल्या खोलीत असू द्यावा आणि खेळाचे चित्र नेटवर्कच्या तारेवरून बैठकीतल्या लहान, थंड यंत्राकडे पाठवावे. स्टीमसारख्या सेवांत ही सोय तयारच आहे. ती बिनतारी करण्यापेक्षा भिंतीलगत एक लॅन केबल ओढून करावी. चित्राचा विलंब व अडखळणे दोन्ही टळतात.

धूळ, वीज आणि जागा

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालू असते, पुढे कापसाची तूस उडते, आणि वैशाखात वावटळी येतात. नव्या यंत्राची शांतता वर्षभराने ओसरते ती याच धुळीमुळे : पाकळ्यांच्या फटी बुजतात, वारा अडतो, पंखा अधिक धावतो. म्हणून हवा आत घेणाऱ्या पंख्यांची शक्ती बाहेर टाकणाऱ्या पंख्यांहून थोडी अधिक ठेवावी आणि त्यांच्या तोंडाशी जाळी लावावी. मग डब्यात हवेचा किंचित दाब राहतो आणि धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडकते. ती जाळी महिन्यातून एकदा झटकणे, दसऱ्याला आणि पाडव्याला डबा उघडून मऊ कुंचल्याने साफ करणे, हा शिरस्ता पाळावा. खोलीतल्या कुलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. गार हवा त्याला मानवते, पण तुषार मानवत नाहीत.

विजेविषयी दोन सूचना. अर्थिंग नसलेल्या खोलीत संगणकाच्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या येतात, आणि तीच वीज एचडीएमआयच्या तारेतून दूरचित्रवाणीपर्यंत जाऊ शकते. कोळसा-मिठाचा खड्डा, जस्ताचा मुलामा दिलेला नळ आणि उन्हाळ्यात त्यात घातलेले पाणी ही जुनी व्यवस्था आजही तितकीच आवश्यक आहे. भारनियमनाच्या दिवसांत खेळ मध्येच तुटू नये, आणि साठविलेले काही नष्ट होऊ नये, यासाठी लहान यूपीएस पुरेसा होतो. यंत्र १०० वॅटच्या आसपास चालत असेल तर त्याचे ओझे इन्व्हर्टरलाही झेपते. कमी वीज खाणाऱ्या यंत्राचा हा दुसरा लाभ.

जागेची निवड शेवटी सांगतो, पण तिचे महत्त्व शेवटचे नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भिंतींच्या परावर्तनामुळे खोलीत हा लाभ थोडा घटतो, तरी यंत्र माणसाच्या कानापासून हातभर दूर सरकविणे कधीच वाया जात नाही. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा लाभला की तिचा नाद मोठा होतो, तद्वत पंख्याच्या सूक्ष्म कंपाला लाकडी फळीचा पोकळ खण लाभला की त्याचेही गुंजन होते. यंत्राखाली रबराचे जाड पाय असावेत, आणि पंखे बसविताना स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या वापराव्यात. मागे आणि वर वीतभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे बाहेर टाकलेली उष्ण हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही.

दोन परीक्षा

यंत्र बांधून झाल्यावर त्याची रुजुवात दोनदा करावी. पहिली पौषातल्या रात्री, दहानंतर, घर निजले असताना. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून अर्धा तास खेळ चालू ठेवावा, आणि मग दिवाणावर नेहमीच्या जागी बसून डोळे मिटावेत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू आली तर यंत्राने घराचा शिष्टाचार पाळला असे समजावे. दुसरी वैशाखातल्या दुपारी, तीन वाजता, कुलर मुद्दाम बंद करून. या वेळी कान न लावता पडद्यावरच्या तापमानाचा आकडा पाहावा. अर्ध्या तासाच्या खेळानंतरही तो ८५ च्या खाली स्थिर राहिला तर पुढची कित्येक वर्षे काळजी नाही. पहिलीत उतरले आणि दुसरीत नापास झाले, तर पंखा एक जोडावा. दुसरीत उतरले आणि पहिलीत नापास झाले, तर वॅट कमी करावेत. आणि दोन्हींत उतरले, तर मुलांना खेळू द्यावे. पलीकडे माजघरात कोणी जागे होणार नाही.